कीटोजेनिक आहार आणि अर्धशक्ती व्यायाम : स्थौल्यचिकित्सेतील एक विचार

विषयप्रवेश

स्थौल्याची तक्रार घेऊन येणारा रुग्ण आता बहुधा काही ना काही आहारप्रयोग करूनच चिकित्सालयाची पायरी चढतो. त्यांत कीटोजेनिक आहार करणाऱ्यांची संख्या लक्षणीय आहे. पोळी, भात, फळे, साखर बंद; पनीर, अंडी, तूप, खोबरेल तेल, सुकामेवा मुबलक, असे त्याचे प्रचलित रूप. या रुग्णांचा वैद्यांना हमखास पडणारा प्रश्न असा : "या आहारासोबत रोज थोडे चालले तर वजन लवकर उतरेल का?" प्रश्न साधा वाटला तरी उत्तर देताना शरीरक्रिया, शास्त्रवचन आणि रुग्ण घेत असलेली आधुनिक औषधे या तिहींचा विचार करावा लागतो. औषधालयाच्या चालकांनाही तो आवश्यक आहे, कारण असा रुग्ण अनेकदा वैद्याआधी त्यांच्याकडे जातो.

हा आहार मूळचा कशासाठी?

१९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी हा आहार सुचविला. उपवासाने आक्षेप कमी होतात हे ज्ञात होते. पण उपवास किती काळ चालणार? म्हणून उपवासासारखी चयापचय-स्थिती अन्न देऊनच निर्माण करण्याची ही युक्ती होती. वजन घटविण्यासाठी त्याचा प्रसार पुष्कळ नंतरचा आहे.

यात दिवसाची कर्बोदके साधारणतः २० ते ५० ग्रॅमपर्यंत मर्यादित असतात. इन्शुलिनची पातळी उतरते, साठ्यातील मेद सुटा होतो आणि यकृत त्यापासून कीटोन द्रव्ये तयार करते. रक्तातील कीटोनची पातळी ०.५ ते ३ मिलिमोल प्रतिलिटर असणे ही आहारजन्य स्थिती होय. मधुमेहातील कीटोन-अम्लता ही यापेक्षा सर्वस्वी वेगळी, प्राणघातक अवस्था आहे. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरेल.

पहिल्या आठवड्यातील घट

यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. प्रत्येक ग्रॅमबरोबर अंदाजे ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. कर्बोदके बंद होताच हा साठा ओसरतो, शिवाय वृक्कांतून सोडियम व पाणी अधिक बाहेर पडते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो वजन कमी झाल्याचे दिसते. रुग्ण हर्षित होतो. परंतु ही घट मुख्यतः उदकाची असते, मेदाची नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काटा थांबला की तोच रुग्ण निराश होऊन अतिव्यायामाकडे वळतो. म्हणून काट्याबरोबरच कटिपरीघ मोजण्याची सवय लावावी. आपल्याकडे पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सें. मी. ही मर्यादा मानली जाते.

लघु व्यायामाचे नेमके कार्य

मंद ते मध्यम गतीच्या व्यायामात स्नायू प्राधान्याने मेदाचे इंधन वापरतात. वेग वाढला की शर्करेवर भर येतो. कीटोजेनिक आहाराने हे मेदज्वलन आणखी वाढते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दीर्घकाळ असा आहार घेणाऱ्या धावपटूंमध्ये मेदज्वलनाचा कमाल वेग मिनिटाला सुमारे १.५ ग्रॅम, तर कर्बोदकयुक्त आहार घेणाऱ्यांत ०.७ ग्रॅमच्या आसपास आढळला.

यावरून "चालले की चरबी दुप्पट उतरते" असा निष्कर्ष काढणे मात्र चूक आहे. जळणारा मेद शरीरातील साठ्याचाच असतो असे नाही. तो ताटातल्या तुपाचाही असतो. साठा कमी होण्यासाठी एकूण ऊर्जेचा खर्च आहारापेक्षा अधिक असावा लागतो. हिशोब पाहा. ८० किलो वजनाचा मनुष्य ताशी ५ किलोमीटर वेगाने अर्धा तास चालला, तर विश्रांतीहून जास्तीचा खर्च सुमारे १०० किलोकॅलरी होतो. महिन्याचे ३,००० झाले. एक किलो शरीरमेदात सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. म्हणजे महिन्याकाठी घट सुमारे ४०० ग्रॅम. उलट तुपाचा एक मोठा चमचा, १४ ग्रॅमचा, सुमारे १२५ किलोकॅलरी देतो. "कीटोमध्ये तूप चालते" म्हणून एक चमचा जास्त घेतला की त्या दिवसाचे चालणे फिटले!

२०१६ मधीलच दुसऱ्या अभ्यासात १७ स्थूल पुरुषांना रुग्णालयात ठेवून, उष्मांक समान राखून कर्बोदके घटविली असता मेद घटण्याचा वेग वाढला नाही. २०१८ मध्ये ६०९ व्यक्तींवर वर्षभर झालेल्या अमेरिकन चाचणीत अल्पमेद गटात सरासरी ५.३ व अल्पकर्बोदक गटात ६ किलो घट झाली. हा फरक लक्षणीय नव्हता.

मग लघु व्यायामाचा लाभ कोणता? मांसधातूचे रक्षण, भोजनोत्तर शर्करेचे नियमन आणि उतरलेले वजन टिकविणे, हे तीन लाभ मोठे आहेत. आपली शतपावली यातील दुसऱ्या हेतूला तंतोतंत लागू पडते. मांसरक्षणासाठी मात्र केवळ चालणे अपुरे. आठवड्यातून दोन दिवस उठाबशा किंवा मोजके सूर्यनमस्कार यांची जोड हवी.

शास्त्रदृष्टी

चरकाचार्यांनी अष्टौनिन्दितीय अध्यायात स्थौल्याच्या हेतूंमध्ये गुरु, मधुर, शीत, स्निग्ध आहार, अव्यायाम व दिवास्वप्न यांची गणना केली आहे. चिकित्सेत गुरु परंतु अपतर्पण अन्न सांगितले आहे, आणि व्यायाम क्रमाने वाढवावा असे म्हटले आहे. "क्रमाने" हा शब्द चिकित्सकाने विसरू नये. कीटोजेनिक आहार गुरु व भूक शमविणारा आहे खरा. पण अतिस्निग्धही आहे. मंदाग्नी, कफप्रधान रुग्णात तो आमोत्पत्ती करू शकतो.

वाग्भटाचार्यांनी दिनचर्याध्यायात अर्धशक्ती व्यायाम बलवान व स्निग्धभोजी व्यक्तींसाठी शीतकाळी आणि वसंतात सांगितला आहे. अन्य ऋतूंत तो त्याहूनही मंद असावा. वातपित्तरोगी, बालक, वृद्ध व अजीर्णी यांना वर्ज्य म्हटले आहे. स्निग्ध आहार घेणाऱ्याचा हा उल्लेख आपल्या विषयाशी किती जवळचा आहे! श्वास मुखाने घ्यावा लागणे ही अर्धशक्तीची सीमा. रुग्णाला सोप्या भाषेत सांगावे : चालताना बोलता यावे, गाता येऊ नये.

पहिला आठवडा सपाट रस्त्यावर १५-२० मिनिटे, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ३० आणि पुढे ४५ मिनिटे, असा क्रम ठेवावा. प्रारंभी शिरःशूल, भ्रम, अंगसाद, मलावष्टंभ जाणवतात. ती बहुधा सोडियम व जलक्षयाची लक्षणे असतात. रक्तदाब किंवा वृक्कविकार नसल्यास सैंधवयुक्त ताक वा मुगाचे पातळ कढण उपयुक्त ठरते. कढणातील कर्बोदके मात्र हिशोबात धरावीत.

सावधानता

येथेच खरा धोका आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधांबरोबर अल्पकर्बोदक आहार घेतल्यास कीटोन-अम्लता उद्भवू शकते, आणि तीही रक्तशर्करा फारशी वाढलेली नसताना. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०१५ मध्ये याविषयी इशारा दिला. भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून हे औषध स्वस्त व सर्वत्र उपलब्ध झाले आहे. अशा रुग्णात हृल्लास, छर्दी, उदरशूल, श्वास व अतिथकवा दिसल्यास ग्लुकोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. अम्लपित्त किंवा अजीर्ण समजून चिकित्सा करीत बसल्यास जीव जाऊ शकतो. कीटोनची तपासणी व तात्काळ रुग्णालय, हाच मार्ग.

इन्शुलिन वा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांत शर्करा अचानक उतरू शकते, आणि चालण्याने ती आणखी उतरते. मूत्रल व रक्तदाबाच्या औषधांनी भ्रम वाढतो. ही औषधे आपण परस्पर बंद करू नयेत. ती देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरल्यावरच आहार व व्यायाम सुरू करावा. गर्भिणी, स्तन्यदा, वृक्क-यकृतविकारी व टाइप-१ मधुमेही यांना हा आहार देऊ नये.

औषधालय चालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आसव-अरिष्टांत गूळ आणि अवलेहांत साखर हे मोठे घटक आहेत. दोन चमचे अवलेहाने २० ग्रॅमच्या मर्यादेचा बराच भाग संपतो. अशा ग्राहकाला त्रिफळा, गुडूची, मुस्ता यांची चूर्णे वा क्वाथ हे कल्प वैद्याच्या सल्ल्याने सुचवावेत, आणि "मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे?" हा प्रश्न विक्रीपूर्वी अवश्य विचारावा.

उपसंहार

लघु व्यायाम कीटोजेनिक आहाराचा परिणाम कित्येक पटींनी वाढवितो, हा समज निराधार आहे. तो मेदाची घट थोडी वाढवितो. मांस, अग्नी व उत्साह मात्र पुष्कळ राखतो. आहारप्रयोग काही महिन्यांत सुटतो. चालण्याची सवय आयुष्यभर राहू शकते. म्हणून रुग्णाने कोणताही आहार निवडला, तरी व्यायामाची मात्रा त्याचे बल, अग्नी, ऋतू आणि त्याच्या औषधांची यादी पाहूनच ठरवावी, ही चिकित्सक बंधुभगिनींना नम्र सूचना.