हळद ही पाणी नव्हे, हाळी आहे

मागच्या महिन्यात आपल्या मंगरूळपीरच्या गटाच्या बैठकीत एका ताईनं पिशवीतून दोन डब्या काढल्या. तिच्या सासूबाईंची किमो चालू आहे. कुणीतरी हळदीच्या अर्काच्या आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. "द्याव्या का नाही?" एवढंच तिनं विचारलं. आजचं बोलणं त्याच प्रश्नावर.

चूल पेटली की ठिणग्या उडतात. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी प्राणवायू वापरून ताकद बनवते, तेव्हा तिच्यातही अशा ठिणग्या उडतात. त्या जनुकांना चटके देतात. त्या विझवायला पेशीकडे स्वतःची विकरं असतात; कॅटालेज हे त्यातलंच एक. पण विझवणाऱ्यांना बोलवायचं कधी, हे कोण ठरवतं?

एनआरएफ-२ नावाचं एक प्रथिन आहे. तो आपला हाळी देणारा. एरवी कीप-१ नावाचा राखणदार त्याला धरून मोडीत पाठवतो. हाळीवाला सतत बनतो आणि सतत मोडतो. ठिणग्या वाढल्या की राखणदाराला चटका बसतो, पकड ढिली होते. मग एनआरएफ-२ थेट पेशीच्या केंद्रकात जातो आणि विझवणाऱ्या विकरांची जनुकं चालू करतो. प्रयोगशाळेत पाहिलं तर हळदीतलं कर्क्युमिन आणि कोबी-मुळ्यातले तिखट पदार्थही राखणदाराला असाच हलका चिमटा काढतात. म्हणजे हळद ठिणगी विझवते त्यापेक्षा हाळी जास्त देते.

निरोगी पेशीत हे चांगलंच. पण फुफ्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये कीप-१ चं जनुकच बिघडलेलं असतं. हाळीवाला कायम मोकळा, विझवणारी विकरं कायम हजर. किमोची काही औषधं आणि शेक कॅन्सरच्या पेशीला ठिणग्यांनीच मारतात. ही पेशी त्या विझवून टाकते आणि तगून राहते. घरची राखण करणारं कुत्रं चोराच्या दाराशी बांधल्यासारखं झालं ते.

फिनलंडमध्ये २९,१३३ विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी पाहणी झाली, निकाल १९९४ साली आला. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी आशा होती. तो १८ टक्के जास्त निघाला. गाजराचा दोष नाही हं, गोळीतल्या मोठ्या मात्रेची गोष्ट आहे.

कुणी म्हणेल, हळदीचा तर अमेरिकेत खटला जिंकलो आपण. जिंकलो, १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. पण वाद जखमेवर हळद लावण्याचा होता, कॅन्सरचा नव्हता.

ताईला आम्ही म्हटलं, भाजीतली हळद चालू दे, या डब्या मात्र किमोच्या डॉक्टरांपुढे ठेव. पुढच्या खेपेला तिनं त्या नेल्या. डॉक्टरांनी दोन्ही बाजूला ठेवायला सांगितल्या, आणि आणखी काय काय चालू आहे ते विचारलं. तेव्हा कुठे सासूबाईंनी उशीखालची तिसरी पुडी काढली.