रस्त्यातील मद्यपी आणि कायदा

दारू पिऊन भर रस्त्यात गोंधळ घालणाऱ्या माणसास पोलीस कोणत्या गुन्ह्याबद्दल पकडतात, असे विचारल्यास बहुतेक विद्यार्थी ‘दारू पिण्याच्या’ असे उत्तर देतील. आपल्या कर्नाटकात तरी हे उत्तर बरोबर नव्हे. येथे प्रौढ माणसाने दारू पिणे हाच गुन्हा नाही. पिऊन दुसऱ्यास त्रास देणे हा गुन्हा आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे ३५५ वे कलम पाहा. नशेच्या अवस्थेत सार्वजनिक जागी, किंवा जेथे शिरण्याचा आपणास हक्क नाही अशा जागी जाऊन, कोणासही उपद्रव होईल असे वर्तन करणाऱ्यास चोवीस तासांपर्यंत साधी कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. न्यायालय त्यास समाजसेवेचे बिनमोबदला कामही लावू शकते. नशा आणि उपद्रव, दोन्ही असल्यावाचून हे कलम लागत नाही. पिऊन मुकाट्याने घरी जाणारा या कलमाखाली दोषी ठरत नाही. मात्र उघड्यावर बाटली घेऊन बसणारा सुटला असे समजू नये. सार्वजनिक जागी मद्य पिण्यास राज्याच्या अबकारी कायद्यात निराळी मनाई आहे.

या कलमाचा पूर्वज १८६० च्या दंडसंहितेतील ५१० वे कलम होय. त्यात कैद हीच, पण दंड अवघा दहा रुपये होता. त्या काळी दहा रुपये ही मजुराची महिन्याची कमाई तरी होतीच; पुढे पुढे मात्र तो दंड केवळ नावाचा उरला, तरी दीडशेहून अधिक वर्षे कोणी त्यास हात लावला नाही!

आपल्या धारवाडात या इतिहासाचे एक दुःखद पान आहे. १९२१ साली असहकाराच्या चळवळीत दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग चालले होते. १ जुलै रोजी जकणी बावीजवळ पोलिसांनी गोळीबार केला व तीन स्वयंसेवकांचे प्राण गेले. पिऊन धिंगाणा घालणाऱ्यास दहा रुपये दंड, आणि ‘पिऊ नका’ म्हणणाऱ्यांवर गोळी, असा तो न्याय होता. दारूवरील कर सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा उलगडा होतो.

स्वातंत्र्यानंतर पारडे दुसऱ्या बाजूस झुकले. धारवाड तेव्हा मुंबई राज्यात होते व १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली १९५० पासून तेथे पूर्ण दारूबंदी आली. परवान्यावाचून पिणे हाच गुन्हा ठरला. १९५६ मध्ये आपण म्हैसूर राज्यात आलो, तरी बंदी लगेच उठली नाही. पुढे १९६५ च्या अबकारी कायद्याने परवानापद्धती आणली.

आजही काही ठिकाणी कायदा अधिक कडक आहे. मळमड्डीची वस्ती रेल्वेच्या शेजारची, म्हणून हे सांगणे अगत्याचे. १९८९ च्या रेल्वे कायद्याने गाडीत वा स्थानकाच्या हद्दीत नशेत आढळणाऱ्यास रेल्वेचा कर्मचारी बाहेर काढू शकतो, त्याचे तिकीट वा पास जप्त होऊ शकतो आणि कैद सहा महिन्यांपर्यंत ठेवली आहे. वाहन चालविणाऱ्याच्या बाबतीत तर उपद्रव होण्याची वाटही पाहिली जात नाही. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की पुरे. २०१९ पासून पहिल्या गुन्ह्यास दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

परंतु नशा सिद्ध कशी करावयाची? मुंबईच्या एका गृहस्थांच्या मोटारीची १९५१ साली कुलाबा भागात पादचाऱ्यांस धडक बसली. डॉक्टरांस त्यांच्या श्वासाला मद्याचा वास आला. पण ते सुसंबद्ध बोलत होते व सरळ रेषेत चालत होते. आपण मद्यार्क असलेले औषध घेतले होते, असे त्यांचे म्हणणे. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांस दारूबंदीच्या आरोपातून सोडले. मद्य निषिद्धच होते हे दाखविण्याचा भार सरकारपक्षावर आहे, असे बहुमताने ठरविले. केवळ वासावरून निवाडा नको म्हणूनच रक्ततपासणीचे महत्त्व.

हे न्यायाधीशांपुरतेच नाही. मधुमेहाच्या रोग्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरली म्हणजे त्याची जीभ जड होते, तोल जातो, बोलणे असंबद्ध होते; डोक्यास मार बसलेल्याचीही अवस्था पुष्कळदा तशीच दिसते. लोक ‘पिऊन पडला आहे’ म्हणून पुढे जातात आणि उपचाराची वेळ टळते. रस्त्यात असा कोणी आढळल्यास प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तो प्यालेला होता की नाही, हे डॉक्टर मागाहून ठरवितील.