हरणाचं मांस: परदेशात बीफला पर्याय, भारतात मात्र गुन्हा

ब्रिटन, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या नातेवाइकांच्या दस्तरखानावर कधीकधी 'व्हेनिसन' म्हणजे हरणाचं मांस असतं. कुणी त्याचा कीमा करतं, कुणी निहारी. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि इथे प्रश्न सुरू होतात. हे हलाल आहे का? मोठ्याच्या मटणाऐवजी चालेल का? आणि आपल्याकडे मिळेल का?

आधी कायदा समजून घ्या

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार चितळ, सांबर, भेकर, काळवीट यांची शिकार करणं, मांस विकणं किंवा जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या बाबतीत किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद होऊ शकते. असं मांस एखाद्याच्या ताब्यात सापडलं, तर ते बेकायदा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावरच येते.

त्यामुळे जंगलालगतच्या गावात कुणी "भेकराचं ताजं मटण आहे" म्हणून घरी आणून दिलं, तर घेऊ नका. "आम्ही मारलं नाही, फक्त विकत घेतलं" हा बचाव चालत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीच्या मांसाला मात्र नियम पाळून परवानगी आहे. इथे कायदेशीर पर्याय म्हणजे म्हैस, बकरा, मेंढी आणि कोंबडी. हरीण त्या यादीत नाही.

मग परदेशात कसं मिळतं?

न्यूझीलंडमध्ये हरणं मुळात नव्हतीच. एकोणिसाव्या शतकात ती ब्रिटनमधून नेऊन सोडली गेली. पुढे संख्या इतकी वाढली की ती उपद्रवी ठरली. १९६९ मध्ये कायदा बदलून हरणं पाळायला परवानगी मिळाली आणि आज तिथून व्हेनिसन निर्यात होतं. ब्रिटनमध्ये जंगली हरणं झाडांची रोपं आणि पिकं फस्त करतात, म्हणून त्यांची नियंत्रित शिकार होते. दक्षिण आफ्रिकेत स्प्रिंगबॉक, कुडू अशा प्राण्यांच्या मांसालाही व्हेनिसनच म्हणतात.

हलालचा प्रश्न

हरीण खायला हलाल आहे, यावर दुमत नाही. इहरामच्या अवस्थेत मात्र जमिनीवरच्या प्राण्यांची शिकार मना आहे. खरा प्रश्न जनावराचा नसून ते कसं मारलं याचा आहे. फार्मवर पाळलेल्या हरणाची बकऱ्यासारखीच जबिहा व्हावी लागते. जंगली हरीण शिकाऱ्याच्या गोळीने मेलं असेल, तर शिकारी कोण होता, बिस्मिल्लाह म्हटली होती का, जनावर जिवंत हाती लागलं का, असे प्रश्न येतात. गोळीने मेलेल्या शिकारीबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, म्हणून आपल्या मसलकच्या आलिमांना विचारून घ्यावं. सुपरमार्केटच्या पाकिटावर नुसतं 'व्हेनिसन' लिहिलेलं असलं म्हणजे ते हलाल झालं, असं होत नाही.

शिजवताना काय बदलायचं?

बीफ आणि हरणाच्या मांसातला मोठा फरक चरबीचा. हरणाच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात साधारण २ ते ३ ग्रॅमच चरबी असते. लोह भरपूर, रंग गडद लाल, चव थोडी रानवट. चरबी कमी म्हणून ते तब्येतीला हलकं, पण त्याच कारणाने लवकर कोरडं आणि चिवट होतं. बीफची रेसिपी जशीच्या तशी वापरली की फसगत होते.

- पाठीचा नरम तुकडा जास्त वेळ शिजवू नये. गरम तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकून थोडा वेळ झाकून ठेवावा.
- खांदा, मान आणि नळी मंद आचेवर दोन-अडीच तास शिजू द्यावी. निहारी आणि सालनसाठी हेच भाग उत्तम.
- कीमा किंवा कबाब करताना मेंढीची थोडी चरबी किंवा तूप मिसळावं, नाहीतर कबाब भुसभुशीत होतात. कीमा आतपर्यंत, म्हणजे ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजायला हवा.
- रानवट वास कमी करायला दही, आलं-लसूण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं. कच्ची पपई अगदी बेताने. जास्त झाली की मांसाचा लगदा होतो.

आणखी एक काळजी. शिशाची गोळी वापरून शिकार केली असेल, तर शिशाचे बारीक कण मांसात राहू शकतात. लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना असं मांस देऊ नये. गोळी लागलेल्या जागेभोवतीचा भाग मोठा काढून टाकावा.

म्हणून परदेशात राहणाऱ्यांनी दुकानात तीन गोष्टी विचाराव्यात: फार्मचं की जंगलातलं, जबिहा कुणी केली, आणि कोणता भाग आहे. इथल्यांनी मात्र फोटो पाहून हौस भागवावी. निहारी म्हशीच्या नळीचीही झकास होते, आणि ती खाताना दारावर कुणी थाप मारेल याची भीती नसते.