कालच्या वास्तू आणि आजचा हातोडा

जुन्या वास्तूंचा विषय निघाला म्हणजे चिखलीच्या मनुष्यास आपल्या जिल्ह्यांतील लोणारचें दैत्यसूदनाचें मंदिर आठवतें, सिंदखेडराजा येथील राजवाडा आठवतो. त्या दगडांपुढें तो आपोआप नम्र होतो. परंतु पन्नास वर्षांपूर्वींची काँक्रीटची इमारत पाडली, तर त्याला हळहळ वाटत नाहीं. असें कां व्हावें?

दिल्लीचें उदाहरण घेऊं. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षीं, १९७२ सालीं, प्रगति मैदानावर ‘हॉल ऑफ नेशन्स’ हें प्रदर्शनगृह उभें राहिलें. त्याचे वास्तुशिल्पी राज रेवाल आणि बांधकामतज्ज्ञ महेंद्र राज. असलें त्रिकोणांच्या जाळीचें विस्तीर्ण छप्पर परदेशांत पोलादाचें करीत. आपल्याकडे पोलाद महाग आणि मजुरांचे हात मुबलक. म्हणून तें जागच्या जागीं काँक्रीट ओतून घडविण्यांत आलें. मध्यें एकही खांब नव्हता, आणि तीच जाळी उन्हासही अडवी. गरिबींतून काढलेली ही बुद्धीची वाट होती. एप्रिल २०१७ मध्यें एका रात्रींत तें गृह जमीनदोस्त झालें.

याचें मूळ वयाच्या हिशेबांत आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यास शंभर वर्षांची इमारत हवी. दिल्लीच्या वारसा समितीनें साठ वर्षांची अट पुढें केली. प्रदर्शनगृहाचें वय पंचेचाळीस! वस्तुतः इमारतीस खरा धोका याच मधल्या वयांत असतो. आंतील सळया गंजून फुगतात, काँक्रीट तडकतें, दुरुस्ती खर्चाची होते. रुचि पालटलेली असते, आणि जागेची किंमत मात्र चढलेली असते.

पणजीस चार्ल्स कोरिया यांनीं रचलेल्या कला अकादमीची दुरुस्ती चालू असतां, जुलै २०२३ मध्यें तिच्या खुल्या रंगमंचाचें छत कोसळलें. रक्षणाची इच्छा असली तरी ज्ञान व देखरेख लागते, हा त्यांतील बोध. उलट, मुंबईच्या ओव्हल मैदानाभोंवतालच्या १९३० नंतरच्या इमारती टिकल्या, म्हणूनच २०१८ सालीं जागतिक वारशांत त्यांची गणना होऊं शकली.

प्रत्येक जुनी भिंत राखावी असें कोणी म्हणणार नाहीं. मात्र पाडण्यापूर्वीं तिचे नकाशे व छायाचित्रें जपावीं, जाणत्यांचें मत घ्यावें, एवढें गांवोगांव होऊं शकतें. दैत्यसूदनाचें मंदिरही एके काळीं पंचेचाळीस वर्षांचेंच होतें; त्या वेळच्या लोकांनीं तें राहूं दिलें, म्हणून आज तें आपणांस पाहावयास मिळतें.