द्राक्षबागेत जाताना काय टाळावे?

पुणे-सोलापूर रस्ता पाटस येथे सोडून बारामतीकडे वळले, की रोटीचा घाट लागतो. आषाढवारीत तुकाराम महाराजांची पालखी याच घाटाने जाते. दौंड तालुक्यातील या रोटी गावी २००० नंतरच्या दशकात फोर सीझन्स वायनरी उभी राहिली आणि माळरानावर वाइनच्या द्राक्षांचे वेल दिसू लागले. राज्य शासनाने २००१ साली जाहीर केलेल्या द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरणाचे हे फळ होय. कारखान्यामागोमाग शहरातील पाहुणाही आला. त्याचे स्वागत करताना त्याने काय टाळावे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. कारण सहलीचा काही खर्च तो स्वतः देतो, तर काही त्याच्या नकळत गावाच्या खात्यावर पडतो.

पहिली गोष्ट म्हणजे, पावसाळ्यात द्राक्षे पाहण्याची अपेक्षा धरू नये. येथे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. घड तयार होतात ते साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात. जुलैत येणाऱ्याला हिरवा मांडव दिसेल, फळ दिसणार नाही. त्याचा दोष बागेला देऊ नये.

दुसरे, शेजारच्या बागेत विनापरवाना शिरू नये आणि घड तोडू नये. वाइनची द्राक्षे लहान, जाड सालीची व बियांची असतात; खाण्याच्या द्राक्षांची गोडी त्यांत शोधण्यात अर्थ नाही. खाण्याच्या द्राक्षांच्या बागेत फवारणी आणि तोडणी यांत ठराविक दिवसांचे अंतर पाळावे लागते. वेलीवरचा घड तसाच तोंडात टाकणे आरोग्यालाही हितकारक नव्हे. शिवाय औषधाच्या अंशाचा प्रश्न किती महाग पडतो, हे २०१० साली युरोपात महाराष्ट्राची द्राक्षे अडकली तेव्हा बागायतदारांनी अनुभवले आहे. मांडव, खते, मजुरी आणि कर्जाचे व्याज हे सारे त्या घडात गुंतलेले असते. पाहुण्याला जी गंमत वाटते, ती बागायतदाराच्या भांडवलाची नासाडी ठरते.

तिसरे आणि सर्वांत गंभीर म्हणजे, वाइनची चव घेतलेल्याने वाहन चालवू नये. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळल्यास तो कायद्याने गुन्हा आहे. कायदा दूर ठेवला, तरी येथील रस्त्यांचा विचार करावा. द्राक्षतोडणीचा हंगाम आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम एकाच वेळी चालतो. उसाने भरलेल्या ट्रॉल्या, मागचा दिवा नसलेल्या बैलगाड्या आणि पहाटे फडाकडे निघालेले ऊसतोड मजूर याच रस्त्यांवर असतात. एकाच्या बेफिकिरीची किंमत दुसऱ्याच्या संसाराने मोजावी, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही.

शिरूरच्या बाजूस जाणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. रांजणगावचा महागणपती आणि मोराची चिंचोली करून अनेक जण संध्याकाळपर्यंत शेतांत रेंगाळतात. शिरूर तालुक्यातील उसात बिबट्यांचा वावर आहे आणि त्यांच्या हल्ल्यांत माणसेही दगावली आहेत. अंधार पडल्यावर पायी फिरणे, मुलांना मोकळे सोडणे आणि छायाचित्रासाठी उसाच्या कडेला जाणे टाळलेच पाहिजे. चिंचोलीत मोरांच्या मागे धावणे व ध्वनिवर्धक लावणे हेही तितकेच अनुचित होय.

शेवटी पाण्याविषयी. दौंड-बारामतीच्या जिरायती पट्ट्यासाठी जनाई-शिरसाई उपसा योजना करावी लागली, यावरूनच येथील टंचाईची कल्पना यावी. अशा ठिकाणी सुट्टीच्या दिवसापुरता पाण्याचा मुबलक वापर हा हक्क समजू नये.

२००८ नंतरच्या मंदीत वाइनची मागणी घटली, तेव्हा वाइनच्या द्राक्षांना गिऱ्हाईक उरले नाही आणि कित्येक शेतकऱ्यांनी वेल उपटून टाकले. शहराच्या हौसेवर उभी राहिलेली शेती किती नाजूक असते, ते तेव्हा दिसले. म्हणून पाहुण्याने यावे जरूर. परतताना बाटलीबरोबर रस्त्याकडेच्या गुऱ्हाळावरचा गूळ आणि शेतकऱ्याच्या हातची द्राक्षपेटीही घ्यावी. वायनरीच्या फाटकाबाहेर त्याचे किती पैसे राहिले, यावरच या पर्यटनाचा गावाला झालेला लाभ ठरेल.