बॅटरीवर चालणारी हत्यारं घेताना घ्यावयाची काळजी



आपल्या कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हल्ली वरचेवर असतो. "बिनवायरचं ड्रिल मशीन घ्यावं का? आणि घेतलं तर कोणतं?" प्रश्न रास्त आहे. शेतात वायर पोचत नाही, आणि पोचली तरी वीज आपल्या वेळेला असेलच असं नाही. ठिबकच्या सबमेनला ग्रोमेटसाठी भोकं पाडायची आहेत, गोठ्याचे उडालेले पत्रे पुन्हा बसवायचे आहेत, फणाचा गंजलेला नट बांधावरच सोडवायचा आहे. अशा वेळी बॅटरीवरचं हत्यार फार उपयोगाचं ठरतं. पण त्याची पारख आपल्याला बैलाच्या पारखीइतकी सवयीची नाही. बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चार पावलं चालवून पाहतो. मशीन घेताना मात्र खोक्यावरचा आकडा पाहतो आणि पैसे मोजतो. तिथेच फसतो.

आमची फसगत

दुसऱ्याचं कशाला, माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या बाजारात मी एक ड्रिल घेतलं. दोन हजारांच्या आत, सोबत दोन बॅटऱ्या, चार्जर आणि बिटांची पेटी. बॅटरीवर मोठ्या अक्षरांत "४८ व्होल्ट" लिहिलेलं. मी ते गटाच्या बैठकीत हौसेने दाखवलं आणि माझ्यावर विश्वास ठेवून गटातल्या सहा जणांनी तसंच घेतलं. पावसाळा सरेपर्यंत सहापैकी चौघांच्या बॅटऱ्या बसल्या. एकाचं मशीन तर भर ठिबक जोडणीत थांबलं आणि त्याची लागण चार दिवस लांबली. नवीन बॅटरी घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "ती आता येत नाही."

गावातल्या मिस्त्रींनी बॅटरी उघडून दाखवली. आत फक्त पाच सेल होते. ते म्हणाले, "साहेब, पाच सेलात अठ्ठेचाळीस व्होल्ट येतील कुठून?" मी कृषी पदवीधर खरा, पण हा साधा हिशोब मी केला नव्हता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी गत झाली. सहा घरचे पैसे माझ्या शब्दावर गेले, म्हणून तो हिशोब आज तुमच्यापुढे मांडतो.

व्होल्टचा हिशोब

बॅटरीवरची हत्यारं नवीन नाहीत. अमेरिकेत १९६१ साली बिनवायरचं ड्रिल बाजारात आलं, पण त्यातली निकेल-कॅडमियम बॅटरी जड होती आणि लवकर उतरायची. २००५ च्या सुमारास हत्यारांत लिथियम बॅटरी आली आणि मग ती खऱ्या अर्थाने कामाची झाली.

लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा असतो. पूर्ण भरला की ४.२ व्होल्टपर्यंत जातो. सेल एकापुढे एक जोडले की व्होल्ट वाढतात. मग हिशोब असा:

३ सेल: सुमारे १०.८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर १२.६. बाजारात हिला "१२ व्होल्ट" म्हणतात.

५ सेल: १८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर २१. हिलाच कोणी "१८", कोणी "२०", कोणी "२१" म्हणतो.

म्हणजे १८, २० आणि २१ व्होल्ट ही तीन वेगळी मशीनं नव्हेत. एकाच बॅटरीची तीन नावं आहेत. २१ लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका. आणि खरे ४८ व्होल्ट हवे असतील तर तेरा सेल एकापुढे एक लागतील. मुठीत मावणाऱ्या बॅटरीत ते बसत नाहीत. छोट्या बॅटरीवर ४८, ८८ असले आकडे दिसले की दुकानाची पायरी उतरा.

बॅटरीत दम किती, ते तराजू सांगेल

व्होल्टनंतर दुसरा आकडा अँपिअर-तासाचा. टाकीत पाणी किती, हे जसं टाकीच्या मापावरून कळतं, तसा बॅटरीतला साठा व्होल्ट आणि अँपिअर-तास यांच्या गुणाकारावरून कळतो. १८ व्होल्ट गुणिले २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॅट-तास. १८ गुणिले ५ म्हणजे ९० वॅट-तास.

हा आकडाही फुगवून लिहितात. पण वजन फुगवता येत नाही. या बॅटऱ्यांतला नेहमीचा बारीक सेल १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा असतो. तो एकटा सुमारे ४५ ग्रॅम भरतो आणि त्यात दीड ते साडेतीन अँपिअर-तासांपलीकडे साठा मावत नाही. अशा पाच सेलांची बॅटरी खोक्यासकट ३५० ते ४०० ग्रॅम भरते आणि बहुधा २ अँपिअर-तासांची असते. दहा सेलांची, म्हणजे ४ ते ५ अँपिअर-तासांची, ६०० ते ७०० ग्रॅमपर्यंत जाते. जाड सेलही निघाले आहेत. त्यांच्या पाचांत ४ अँपिअर-तास मावतात, पण ते प्रत्येकी सुमारे ७० ग्रॅमचे, म्हणून ती बॅटरीही जडच लागते. तेव्हा साडेतीनशे ग्रॅमच्या बॅटरीवर "६ अँपिअर-तास" लिहिलं असेल तर ते खोटं समजा. शेजारच्या किराणा दुकानात तराजू असतोच. लाजू नका, वजन करा.

आधी काम ठरवा, मग मशीन

हा साठा कोणत्या कामाला किती पुरेल? ग्राइंडर लोखंड कापताना ५०० वॅटच्या आसपास ओढतो असं धरा. ९० वॅट-तासांची मोठी बॅटरी त्याला जेमतेम ११ मिनिटं पुरेल. ३६ ची छोटी बॅटरी सव्वाचार मिनिटांत संपेल. उलट ड्रिलला पी.व्ही.सी. पाइपात भोक पाडायला फार कमी जोर लागतो, तोही क्षणभर. तिथे छोटी बॅटरीही बराच वेळ चालते.

यावरून साधा नियम निघतो. जिथे प्लग आहे तिथे वायरचं मशीन घ्या. ते स्वस्त पडतं आणि थकत नाही. जिथे प्लग नाही तिथेच बॅटरीवर पैसे खर्च करा. म्हणून घरच्या कारखान्यातला ग्राइंडर वायरचा असू द्या. बॅटरीवरचं पहिलं हत्यार म्हणजे ड्रिल.

ठिबकची भोकं, पत्र्याचे स्क्रू, दाराच्या बिजागऱ्या एवढंच काम असेल तर १२ व्होल्टचं हलकं ड्रिल पुष्कळ झालं. लोखंडी अँगलला भोकं पाडायची असतील तर १८ व्होल्टचं आणि १३ मिलिमीटर चकचं घ्या. विटेच्या भिंतीला हॅमरची सोय असलेलं ड्रिल चालतं. सिमेंट काँक्रीटच्या खांबाला मात्र त्याचा नाद करू नका, त्याला रोटरी हॅमर वेगळा असतो.

ट्रॅक्टरच्या आणि अवजारांच्या गंजलेल्या नट-बोल्टांना ड्रिल लावू नका. त्यासाठी इम्पॅक्ट रेंच मिळतो. तो फिरता फिरता ठोके देतो आणि आखडलेला नट सोडवतो. वर्षातून चारदा लागणारी ही वस्तू एकट्याने घेण्यापेक्षा गटाने किंवा औजार बँकेने घ्यावी. चाकाचे नट शेवटचे आवळायचे ते मात्र हातपान्यानेच.

द्राक्ष आणि डाळिंब बागायतदारांना बॅटरीवरची छाटणी कात्री माहीत आहे. एप्रिलच्या खरड छाटणीत मनगटाला मोठा आराम मिळतो. पण ही कात्री फांदी आणि बोट यांत फरक करत नाही. फांदी धरणारा हात पात्यापासून वीतभर लांब ठेवा.

मशीन नव्हे, बॅटरीचं घराणं निवडा

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आता सांगतो. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. पण एकाच कंपनीच्या एका मालिकेतल्या ड्रिलची बॅटरी तिच्याच ग्राइंडरला, रेंचला, दिव्याला बसते. म्हणजे पहिलं ड्रिल घेता तेव्हा तुम्ही पुढच्या दहा वर्षांची सोयरीक करता. म्हणून पहिल्यांदा बॅटरी आणि चार्जरसह संच घ्या. पुढची हत्यारं त्याच घराण्यातली, बॅटरीशिवाय घ्या, स्वस्त पडतात. खोक्यावर "सोलो" लिहिलं असेल तर आत बॅटरी नाही असं समजा. बॅटरी बऱ्याचदा नुसत्या मशीनएवढी महाग असते.

कंपनीचं नाव आम्ही सांगणार नाही, ते आमचं कामही नव्हे. पण दुकानात पुढील गोष्टी जरूर विचारा:

१. नुसती बॅटरी सुटी मिळते का? आज दुकानात आहे का? किंमत किती? "मागवून देतो" हे उत्तर पुरेसं नाही.

२. दुरुस्ती केंद्र कुठे आहे? तालुक्याला किंवा निदान जिल्ह्याला हवं. दुकानातूनच त्या केंद्राला फोन लावून खात्री करा.

३. हमी मशीनची आहे, तशी बॅटरीची आणि चार्जरची आहे का? तिन्हींची मुदत वेगळी असू शकते.

४. मोटर कार्बनची की बिनकार्बनची? बिनकार्बनची, म्हणजे ब्रशलेस मोटर महाग असते, पण बॅटरी कमी खाते आणि तिचे कार्बन बदलावे लागत नाहीत. रोजच्या कामाला ती घ्या. महिन्यातून दोनदा वापरणाऱ्याला कार्बनची मोटर चालेल, पण सुटे कार्बन मिळतात ना, ते पाहा.

५. बॅटरीवर भारतीय मानक आयएस १६०४६ आणि "आर" अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का? तो क्रमांक मोबाइलवरच्या बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासता येतो.

६. पक्कं बिल घ्या. त्यावर मशीनचा क्रमांक लिहून घ्या. बिल नाही तर हमी नाही.

मग मशीन हातात धरून पाहा. चकात बिट बसवून फिरवा. टोक डोलत असेल तर दुसरं मागा. खटका हळू दाबला की हळू आणि जोरात दाबला की वेगाने फिरलं पाहिजे.

निगा

आपल्या पाठीवरच्या फवारणी पंपात बहुधा १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते. ती कायम भरलेली ठेवावी, हे तुम्हाला माहीत आहे. लिथियमचं उलट आहे. हंगाम संपला आणि मशीन दोन-तीन महिने ठेवायचं असेल तर बॅटरी अर्धी भरून, मशीनपासून वेगळी करून, घरातल्या थंड जागी ठेवा. पूर्ण रिकामी करून ठेवलेली बॅटरी मरते. पंपाचा चार्जर हिला चुकूनही लावू नका. दोघींची जात वेगळी.

उन्हाचं भान ठेवा. बहुतेक बॅटऱ्या ४० ते ४५ अंशांपुढे चार्ज करायच्या नसतात. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी यापेक्षा जास्त ताप असतो. म्हणून चार्जिंग सकाळी किंवा रात्री, पण आपण जागे असताना करा. कामावरून आणलेली गरम बॅटरी आधी निवू द्या. फुगलेली, तडकलेली किंवा पाण्यात पडलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. आणि चार्जर कडब्याजवळ, भुशाजवळ, खताच्या पोत्यांवर कधीही ठेवू नका. लिथियमने पेट घेतला तर आवरायला वेळ मिळत नाही.

मेलेली बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, चुलीत तर नाहीच नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराला किंवा दुरुस्ती केंद्राला ती परत द्या.

जिवाची काळजी

वायर नाही म्हणून धोका नाही, असं समजू नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे घेत असेल तर चकतीची कड ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने धावते. ती फुटली तर तुकडा गोळीसारखा येतो. म्हणून गार्ड काढू नका आणि चष्मा घातल्याशिवाय खटका दाबू नका. चकतीवर लिहिलेले फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असले पाहिजेत. चकतीच्या मधल्या कडीवर मुदत छापलेली असते. मुदत संपलेली चकती फेकून द्या.

ठिणग्या दहा-बारा फूट सहज जातात. वाळलेलं पाचट आणि कडब्याची गंजी यांच्यापासून लांब काम करा, पाण्याची बादली जवळ ठेवा. ड्रिलचं बिट लोखंडात अडकलं की मशीन मनगट पिरगाळतं, तेव्हा बाजूची मूठ धरा. सैल बाही, उपरणं, पदर आवरून घ्या. बिट किंवा चकती बदलण्याआधी बॅटरी काढा. आणि काम झाल्यावर बॅटरी काढूनच मशीन ठेवा, म्हणजे पोरांच्या हाती लागलं तरी चालू होणार नाही.

थोडक्यात

काम ठरवा. सेल मोजा. बॅटरीचं वजन करा. सुटी बॅटरी आणि दुरुस्ती केंद्र जवळ असल्याची खात्री करा. पक्कं बिल घ्या. एवढं करूनही मन धजत नसेल तर गावातल्या मिस्त्रींना सोबत न्या. चहाचा खर्च होईल, पण हजारो रुपये वाचतील.

आमच्या गटातल्या त्या सहा जणांनी पुढे वर्गणी काढून एकच चांगलं ड्रिल आणि दोन बॅटऱ्या घेतल्या. घेण्याआधी बॅटरी किराणा दुकानात तोलली. मीच तराजू धरला होता.

तुमचे अनुभव आणि शंका पत्राने जरूर कळवा. नमस्कार.