कन्सोल जोडणी, अनुक्रमी

राउटर, स्विच, फायरवॉल इ. संगणक जालकातील उपकरणांशी, जालकाचे साहाय्य न घेता, स्वतंत्र केबलीने थेट संवाद साधण्याची व्यवस्था. या जोडणीत माहितीचे द्विमान अंक (० किंवा १ हे अंक) एकाच तारेवरून एकामागून एक पाठविले जातात, म्हणून तिला ‘अनुक्रमी’ असे म्हणतात. नव्या उपकरणास पत्ता व इतर प्राथमिक मांडणी देणे, परवलीचा शब्द हरवल्यास तो बदलणे, चुकीच्या आज्ञेमुळे जालकावरून पोहोचण्याचा मार्ग बंद झाल्यास उपकरण पूर्ववत करणे आणि उपकरण सुरू होत असतानाचे संदेश पाहणे ही तिची मुख्य कामे होत.

जालक सुरळीत चालू असते तेव्हा या जोडणीची आठवण क्वचितच होते; ते बंद पडते तेव्हा मात्र बहुधा हीच एक वाट उरते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे फेसबुक कंपनीची माहिती केंद्रे परस्परांपासून तुटली व तिच्या सेवा सुमारे सहा तास बंद राहिल्या. नेहमीचा मार्ग आणि त्याला पर्याय म्हणून ठेवलेले व्यवस्थापन जालक ही दोन्ही निरुपयोगी झाल्याने अभियंत्यांना केंद्रांत प्रत्यक्ष जावे लागले. कॅनडातील रॉजर्स या दूरसंदेशवहन कंपनीचे जालक ८ जुलै २०२२ रोजी कोसळले तेव्हा तिचे व्यवस्थापन जालक त्याच मुख्य जालकावर अवलंबून असल्याने दोषाचे मूळ शोधण्यास विलंब झाला. अशा प्रसंगी उपकरणाजवळ पोहोचलेल्या माणसाने केबल जोडली आणि पडदा रिकामाच राहिला, तर दोष उपकरणात आहे की जोडणीतच आहे, हे प्रथम ठरवावे लागते. रिकामा पडदा ही दोहोंचीही खूण असू शकते. म्हणून या जोडणीच्या दोषनिदानास विशेष महत्त्व आहे.

इतिहास : या जोडणीचे मूळ तारायंत्र व दूरमुद्रक यांच्यात आहे. एमील बोदो या फ्रेंच अभियंत्यांनी १८७४ मध्ये आपल्या तारायंत्र पद्धतीचे एकस्व (पेटंट) घेतले. त्यांच्या नावावरून संदेशगतीच्या एककास ‘बॉड’ हे नाव मिळाले. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशन या संस्थेने १९६० मध्ये आरएस-२३२ हे मानक तयार केले व १९६९ मध्ये त्याची ‘सी’ ही सुधारित आवृत्ती काढली. दूरमुद्रकासारखी टर्मिनले मोडेमला जोडणे हा त्याचा मूळ उद्देश होता. १९६३ मध्ये आलेला टेलिटाइप कंपनीचा प्रतिमान ३३ हा दूरमुद्रक ११० बॉड गतीने सेकंदाला १० अक्षरे छापत असे. पुढे पडदा व कळफलक असलेली टर्मिनले (उदा., डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे १९७८ मधील व्हीटी-१००) प्रचारात आली. आता टर्मिनलाची जागा संगणकातील आज्ञावलीने घेतली असली, तरी तारेवरील संकेत जुन्याच धर्तीचे आहेत.

तत्त्व : आरएस-२३२ मानकात ग्राहक टोकाशी −३ ते −१५ व्होल्ट हा विद्युत् दाब म्हणजे १ आणि +३ ते +१५ व्होल्ट म्हणजे ० असे मानतात, −३ व +३ यांमधील दाबास निश्चित अर्थ नसतो. तार निष्क्रिय असताना ती ऋण दाबावर राहते. ही गोष्ट दोषनिदानात फार उपयोगी पडते.

संदेशवहन असमकालिक असते, म्हणजे काल मोजण्यासाठी दोन्ही टोकांमध्ये समाईक घड्याळ नसते. प्रत्येक अक्षरापूर्वी ० हा प्रारंभ अंक येतो. त्यानंतर बहुधा ७ किंवा ८ माहिती अंक, जरूर तर एक समता अंक (१ या अंकांची संख्या सम वा विषम राखून चूक ओळखण्यासाठी जोडलेला अंक) आणि शेवटी १ हा विराम अंक असतो. ९६०० बॉड, ८ माहिती अंक, समता अंक नाही व १ विराम अंक ही सर्वांत रूढ जुळणी होय. तीत एका अक्षराला १० अंक लागतात, म्हणून सेकंदाला ९६० अक्षरे जातात आणि एक अंक सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. ग्राहक प्रारंभ अंकाची चाहूल लागताच काल मोजू लागतो व प्रत्येक अंकाच्या मध्यावर दाब तपासतो. शेवटच्या अंकापर्यंत अर्ध्या अंकाहून अधिक फरक पडता कामा नये. याचा अर्थ दोन्ही टोकांच्या गतींत सुमारे ५ टक्क्यांहून अधिक तफावत चालत नाही.

केबल व कनेक्टर : मानकात टर्मिनल (किंवा संगणक) व मोडेम असे दोन पक्ष कल्पिले आहेत. संगणकाच्या ९ पिनी कनेक्टरात पिन २ वर माहिती घेतली जाते, पिन ३ वरून ती पाठविली जाते व पिन ५ ही दोहोंची समाईक भूतार असते. संगणकास मोडेम जोडताना सरळ केबल चालते. परंतु दोन्ही उपकरणे टर्मिनलाच्या पक्षाची असल्यास पाठविणाऱ्या तारा एकमेकींना भिडतात व घेणाऱ्या तारांवर काहीच येत नाही. त्यासाठी तारांची अदलाबदल केलेली केबल लागते.

सिस्को व इतर अनेक कंपन्यांच्या उपकरणांवर आरजे-४५ हा ८ संपर्कांचा कनेक्टर असतो. त्यासाठी वापरायच्या चपट्या केबलीत एका टोकाचा पहिला संपर्क दुसऱ्या टोकाच्या आठव्याला, दुसरा सातव्याला अशी उलट रचना असते. हा कनेक्टर इथरनेटच्या कनेक्टरासारखाच दिसत असल्याने केबल चुकीच्या खाचेत बसविली जाणे ही नेहमी घडणारी चूक आहे.

दोषनिदान : संगणकातील आज्ञावली, परिवर्तक, केबल, उपकरणाचे कन्सोल द्वार आणि त्यामागील यंत्रणा अशी ही साखळी असते. अनेक गोष्टी एकाच वेळी बदलल्यास कोणत्या बदलाने गुण आला हे कळत नाही. म्हणून साखळीचा एकेक दुवा सिद्ध करीत पुढे जाणे ही योग्य पद्धत होय.

यासाठी प्रत्यावर्तन चाचणी सर्वांत सोपी आहे. केबल संगणकाच्या बाजूने काढून परिवर्तकाच्या पिन २ व ३ बारीक तारेने जोडाव्यात आणि कळफलकावर काही अक्षरे टंकावीत. ती पडद्यावर उमटली, तर आज्ञावली व परिवर्तक ठीक आहेत व दोष पुढे आहे. या वेळी आज्ञावलीतील स्थानिक प्रतिध्वनीची सोय बंद असली पाहिजे, नाही तर परत न आलेले अक्षरही उमटते व चाचणी फसवी ठरते. मात्र दोन्ही दिशांना गती एकच असल्याने, निवडलेली गती उपकरणाशी जुळते की नाही हे या चाचणीने कळत नाही.

यानंतर केबल उपकरणास जोडून तिच्या मोकळ्या टोकाच्या पिन २ व ५ यांमधील दाब बहुमापकाने मोजावा. तेथे काही व्होल्टांचा ऋण दाब आढळल्यास उपकरणाची पाठविणारी तार योग्य जागी पोहोचली आहे. तो पिन ३ वर आढळल्यास केबल चुकीच्या प्रकारची आहे. कोठेच न आढळल्यास केबल तुटलेली आहे, खाच चुकली आहे किंवा उपकरणास वीजच नाही. शेवटी उपकरण बंद करून पुन्हा चालू करता येत असेल, तर सुरू होतानाचे संदेश येतात का ते पाहावे. मात्र चालू सेवेतील उपकरणावर हा उपाय विचारपूर्वकच करावा.

पडद्यावरील लक्षणांवरूनही दोषाचा प्रकार ओळखता येतो. (१) निरर्थक चिन्हे : गती जुळत नाही. उपकरण १,१५,२०० बॉडने पाठवीत असल्यास एक अख्खे अक्षर सुमारे ८७ मायक्रोसेकंदांत संपते, म्हणजे ९६०० बॉडच्या ग्राहकाचा एक अंकही तेवढ्यात पुरा होत नाही. सिस्को व जुनिपर यांच्या बहुतेक उपकरणांत मूळ गती ९६००, तर मिक्रोटिकच्या बहुतेक उपकरणांत १,१५,२०० असते. ह्यूलेट-पॅकार्डचे प्रोकर्व्ह स्विच एंटर कळ दोनदा दाबल्यावर गती आपोआप ओळखतात. पूर्वी कोणी मूळ गती बदललेली असणेही शक्य असते. (२) काही अक्षरे बरोबर व काही चमत्कारिक : समता अंकाची जुळणी चुकली आहे. उपकरण ७ माहिती अंक व सम समता यांनी पाठवीत असताना ग्राहक ८ अंक धरत असेल, तर रोमन ‘ए’ व ‘बी’ (प्रत्येकी दोन १) बरोबर येतात, पण ‘सी’ (तीन १) बिघडते, कारण समता अंक माहितीचा आठवा अंक मानला जातो. (३) संदेश दिसतात, पण टंकलेले स्वीकारले जात नाही : प्रवाह नियंत्रणाची जुळणी चुकली आहे किंवा पाठविणारी तार तुटली आहे. तारांद्वारे होणारे नियंत्रण आज्ञावलीत चालू असून केबलीत त्या तारा नसतील, तर संगणक परवानगीची वाट पाहत राहतो. ते नियंत्रण बंद करणे हा उपाय होय. कन्सोलवर नकळत कंट्रोल-एस दाबले गेल्यास उपकरणाचे पाठविणे थांबू शकते. कंट्रोल-क्यू दाबल्यावर ते पुन्हा सुरू होते. (४) प्रत्येक अक्षर दोनदा उमटते : स्थानिक प्रतिध्वनी चालू आहे, जोडणी निर्दोष आहे.

आधुनिक अंकसंगणकांवर ९ पिनी द्वार क्वचितच असल्याने यूएसबी परिवर्तक वापरतात आणि त्याबरोबर नवे दोष येतात. संगणकाने परिवर्तकाला दिलेला क्रमांक व आज्ञावलीत निवडलेला क्रमांक एकच आहे ना, ते द्वार दुसऱ्या आज्ञावलीने अडविलेले नाही ना आणि लिनक्स प्रणालीत वापरणाऱ्यास त्या द्वाराची परवानगी आहे ना, हे पाहावे. परिवर्तकातील बनावट चकत्या हेही अपयशाचे कारण ठरते : २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीच्या नव्या ड्रायव्हर आज्ञावलीने नकली चकत्यांचा ओळख क्रमांक पुसल्याने असे परिवर्तक एकाएकी निरुपयोगी झाले. ज्या सिस्को उपकरणांवर यूएसबी व आरजे-४५ अशी दोन्ही कन्सोल द्वारे असतात, त्यांत यूएसबी केबल जोडलेली असताना आरजे-४५ द्वारावरून टंकलेले स्वीकारले जात नाही.

दक्षता : छोट्या राउटरांच्या मंडलपट्टावरील अनुक्रमी संपर्क बहुधा ३·३ व्होल्टांचे असतात, त्यांस आरएस-२३२ चा दाब लावल्यास चकती जळू शकते. सारख्याच कनेक्टराची केबल म्हणजे सारखीच केबल नव्हे : काही अखंड वीजपुरवठा उपकरणांच्या ९ पिनी द्वारास सर्वसाधारण केबल लावल्यास ती बंद पडतात व त्यांवरील सर्व यंत्रे बंद होतात. तार दीर्घकाळ ० च्या स्थितीत ठेवणाऱ्या ‘ब्रेक’ संकेताने सिस्को राउटर सुरू होताना थांबवून परवलीचा शब्द बदलता येतो. परंतु सन कंपनीच्या जुन्या संगणकांत याच संकेताने चालू यंत्र थबकते व टर्मिनल बंद करण्यानेही तो संकेत निर्माण होऊ शकतो. परवलीचा शब्द अशा रीतीने बदलता येत असल्याने उपकरणे कुलूपबंद खोलीत ठेवणे आवश्यक असते.

मोठ्या केंद्रांत अनेक उपकरणांची कन्सोल द्वारे एका कन्सोल सेवकास जोडतात व त्याच्याशी मोबाइल वा अन्य वेगळ्या मार्गाने संपर्क ठेवतात. तो मार्ग मुख्य जालकापासून खरोखरच स्वतंत्र असला, तरच त्याचा उपयोग होतो. योग्य केबल उपकरणाजवळ ठेवणे, गती व जुळणी चिठ्ठीवर लिहून चिकटविणे आणि जालक सुस्थितीत असतानाच जोडणी अधूनमधून तपासणे एवढी पूर्वतयारी असल्यास रिकाम्या पडद्याचा अर्थ आणीबाणीच्या वेळी शोधत बसावे लागत नाही.